बेरेशीत आम्हाला कुणी शिकवले

‘छावणीतल्या त्या घरात तोराची, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाची, पाच पुस्तके उत्पत्ति, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद याच नावांनी ओळखली जात. त्यांची हिब्रू नावे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हती. ती पुढे माझ्या वडिलांनी मुंबईच्या शाळेतून घरी नेली. आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि त्यांचा धर्मही त्यांना मिशनच्याच कपाटातून मिळाला होता.’

हा परिच्छेद माझ्या पुतण्याने लिहिला आहे. त्यातले ‘आजोबा’ म्हणजे माझे वडील. ‘माझे वडील’ म्हणजे माझा थोरला भाऊ, जो आता हयात नाही आणि ज्याच्याशी भांडण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही. पुतण्या ठाण्याला असतो. आमच्या कुटुंबाची एक स्मरणिका छापण्याचे त्याने मनावर घेतले आहे. ती ठाण्यात, पनवेलला, इस्रायलातल्या अश्दोदला आणि बेर शेव्याला, जिथे जिथे आमचे रक्त विखुरले आहे तिथे तिथे जाणार. मराठी न येणाऱ्या नातवंडांसाठी तिचे इंग्रजीत आणि हिब्रूत भाषांतर होणार. म्हणजे माझ्या वडिलांचा धर्म उसना होता, हे तीन भाषांत छापून निघणार, आणि त्यांतली एक भाषा हिब्रू.

मी हे होऊ देणार नाही, असे त्याला फोनवर सांगितले. तो म्हणाला, ‘काका, तुमची आठवण लिहून पाठवा, तळटीप म्हणून टाकतो.’ माझ्या वडिलांना तळटीप! मी फोन ठेवला आणि लिहायला बसलो. हा मजकूर तळटीप नाही, हे वाचणाऱ्याने सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे.

मी भूमापन खात्यात नोकरी केली. कन्नड, फुलंब्री, देवगाव रंगारी, या टापूत शेकडो बांध मोजले. दोन शेजारी आपापली हद्द छातीवर हात ठेवून सांगत, आणि दोघेही खोटे बोलत नसत. ज्याला जिथून दिसते तिथून तो सांगतो. मी कुणाच्याही छातीवर विश्वास ठेवला नाही, दगड शोधला. तेव्हा माझ्या आठवणीलाही मी दगड मानत नाही, एवढे माझ्या पुतण्याला कळावे.

आधी आम्ही कोण ते सांगतो, कारण या शहरात सत्तर वर्षांच्या शेजाऱ्यांनाही ते नीट सांगावे लागते. आम्ही बेने इस्रायल, मराठी बोलणारे यहुदी. कोकणात आमच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण ते घाणा चालवीत आणि शनिवारी बंद ठेवीत. वडील अलिबागकडच्या एका गावातून नोकरीसाठी इकडे आले आणि छावणीत राहिले. इथे आमची प्रार्थनागृहे नाहीत. तोराची गुंडाळी उघडून वाचायला दहा प्रौढ पुरुष लागतात. सबंध शहर पालथे घातले असते तरी ते जमले नसते. धर्म चालवायचा तर तो घरात, एका माणसाने, शुक्रवारच्या दिव्यापासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत चालवायचा. माझ्या वडिलांनी तो तसा चालवला. दवाखान्यातली शनिवारची सुट्टी त्यांनी मागून घेतली होती, आणि तिच्या बदल्यात रविवारी, बाकी सगळे प्रार्थनेला गेले की, ते एकटे औषधांच्या खिडकीत बसत.

आता नावांचे. मिशनच्या मराठी पुस्तकात जी नावे छापली आहेत ती पुस्तकात काय आहे ते सांगतात. जग उत्पन्न झाले, म्हणून उत्पत्ति. मिसरमधून लोक निघाले, म्हणून निर्गम. लोकांची शिरगणती झाली, म्हणून गणना. आमची नावे असे काही सांगत नाहीत. आमच्याकडे पुस्तक ज्या शब्दांनी सुरू होते त्यांतलाच एक शब्द उचलून नाव म्हणून वापरतात. बेरेशीत म्हणजे ‘आरंभी’. शेमोत म्हणजे ‘नावे’, कारण मिसरमध्ये आलेल्यांच्या नावांनी ते पुस्तक उघडते. वायिक्रा म्हणजे ‘आणि त्याने हाक मारली’. बामिदबार म्हणजे ‘रानात’. देवारीम म्हणजे ‘शब्द’. चामड्याच्या गुंडाळीवर तर मथळाच नसतो. एक पुस्तक संपले की चार ओळी कोऱ्या सोडतात आणि पुढचे सुरू करतात. ज्याला मथळा नाही त्याला ओळखायचे कसे? तोंड उघडल्यावर पहिला काय आवाज येतो त्यावरून. ही नावे कानाने ठेवलेली आहेत. म्हणूनच ज्याला ती ठाऊक असतात त्याने ती कुठे तरी ऐकलेली असतात, कुणाच्या तरी तोंडून.

माझ्या वडिलांनी ती ऐकली होती ती त्यांच्या गावच्या हजानकडून. हजान म्हणजे आमची प्रार्थना चालवणारा. हा हजान स्वतः कोचीनहून आलेल्या एका मास्तरांकडे शिकला होता आणि आपल्या ओटीवर गावच्या पोरांना शिकवीत असे. पुतण्या म्हणतो, याला पुरावा नाही. नाही, नाहीच. ओटीवर बसून शिकलेल्यांना कुणी पावती देत नाही.

मी नाकारत नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे कुणी मला अडाणी समजायला नको. आमच्या समाजातल्या पुष्कळ घरांना हिब्रू अक्षरे परक्यांनी शिकवली, त्यांत पाद्रीही होते, आणि त्यांचे उपकार मानायला मला लाज वाटत नाही. आमच्या घरी मिशनचे मराठी पुस्तक होते, हेही खरे. वडिलांना ते दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिले होते, आणि वडिलांनी ते डोक्याला लावून घेतले होते. मराठी नावे असली म्हणून धर्म परका होत नाही, हेही मला ठाऊक आहे. योम किप्पूरला, म्हणजे दारे लावून करायच्या आमच्या मोठ्या उपासाला, माझी आई अखेरपर्यंत दारफळणीचा सणच म्हणत आली, आणि तिच्याइतका कडक उपास मुंबईच्या कुठल्याही विद्वानाने केला नसेल. माझे म्हणणे एवढेच आहे की पुस्तक मिशनचे होते आणि शिक्षण नव्हते.

शनिवारी, म्हणजे आमच्या शब्बाथला, सकाळी अंगणातल्या निंबाखाली बाज टाकलेली असे. वडील धुतलेला सदरा घालून बसत. मोठी बहीण मांडीवर ते जाड पुस्तक घेऊन बसे, कारण तिचे वाचन स्वच्छ होते. वडील डोळे मिटून पुस्तकाचे हिब्रू नाव घेत, मग त्याची हिब्रूतली पहिली ओळ तोंडपाठ म्हणत, आणि मग बहिणीकडे बोट करीत. ती मराठीत वाचू लागे. नाव आणि पहिली ओळ आपली, पुढचा मजकूर छापलेला, असा तो संसार होता. त्या पुस्तकाचा मागचा भाग, जो ख्रिस्ती लोकांचा आहे, तो वडिलांनी दवाखान्यातल्या टाक्याच्या दोऱ्याने शिवून बंद केला होता. जखम शिवावी तसा, नीट अंतर ठेवून, शेवटी गाठ मारून. डॉक्टरीणबाईंनी तो दोरा पाहिला होता, असे आई सांगे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, टाके चांगले पडलेत.

गेल्या महिन्यात पुतण्या छपाईआधीचा मसुदा घेऊन स्वतः इथे आला. सोबत कोकणातले नारळ आणि ते जाड पुस्तक, जे भावाच्या पश्चात त्याच्याकडे गेले आहे. मी सिडकोत राहतो. माझ्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात, मूळचे फुलंब्रीचे शेतकरी. आम्ही रोज सकाळी एकत्र फिरतो आणि रोज भांडतो. पुतण्या आल्याची बातमी त्यांना जिन्यातच लागली, आणि ते चहाच्या निमित्ताने येऊन बसले. मला साक्षीदार हवाच होता. ते मात्र न्यायाधीश होऊन बसले.

पुतण्याने पुस्तक टेबलावर ठेवले आणि पहिले पान उघडले. ‘काका, हे बघा. मिशनचा शिक्का. आणि ही अनुक्रमणिका. उत्पत्ति, निर्गम, लेवीय. यात एक तरी हिब्रू अक्षर आहे का?’

‘मागून उघड,’ मी म्हणालो.

त्याने मागून उघडायचा प्रयत्न केला. दोरा अजून पक्का होता. ‘बांधणी सुटली असेल, म्हणून शिवलंय.’

‘बांधणी पाठीला शिवतात. हे पोटाला शिवलेलं आहे. तुझ्या आजोबांनी मिशनचं जे घ्यायचं नव्हतं ते शिवून टाकलं.’

वकीलसाहेबांनी पुस्तक हातात घेतले, दोऱ्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, ‘काम झकास आहे. पण मोजणीसाहेब, यानं एवढंच सिद्ध होतं की त्यांना मागचं नको होतं. पुढचं कुठून आलं ते होत नाही.’

‘तुम्ही माझ्या बाजूचे की त्याच्या?’

‘मी चहाच्या बाजूचा.’

पुतण्या हसला नाही. तो शांत माणूस आहे, बँकेत जन्म काढलेला. त्याला राग येत नाही आणि म्हणून त्याच्याशी भांडणे कठीण जाते. तो म्हणाला, ‘काका, पप्पांनी मला स्वतः सांगितलंय. ते मुंबईला बोर्डिंगमध्ये गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, पाच पुस्तकांची नावं सांग. यांनी उत्पत्ति, निर्गम सुरू केलं. सगळा वर्ग हसला. मास्तर म्हणाले, ही तर पाद्र्याची नावं. तिथं त्यांना बेरेशीत, शेमोत शिकवलं. सुट्टीत घरी आल्यावर त्यांनी ती तुम्हाला शिकवली. ते हे नेहमी सांगायचे. सांगताना त्यांना अजून लाज वाटायची.’

‘वर्ग हसला असेल,’ मी म्हणालो. ‘पोरगा परक्या गावात उभा राहिला, घाबरला, आणि जे छापलेलं डोळ्यांसमोर आलं ते बोलला. मग हसू झालं म्हणून त्यानं मनाशी ठरवलं की घरी कधी शिकवलंच नव्हतं. बाप अडाणी ठरला तर पोराची लाज वाचते. तुझ्या वडिलांचा हा हिशेब मला सबंध आयुष्य माहीत आहे.’

‘काका, ते आता नाहीत.’

‘माझे वडीलही नाहीत. त्यांच्या बाजूनं बोलायला इथं मी एकटा आहे.’

वकीलसाहेबांनी बशीत चहा ओतला. मग ते समेटाच्या सुरात म्हणाले, ‘आता बघा, आमच्यातही स्तोत्रं, आरत्या पहिल्या शब्दावरनंच ओळखतात की. त्यात भांडण्यासारखं काय हाय? आपल्या शहराला दोन नावं हायेत. कुणी हे म्हणतं, कुणी ते म्हणतं, रिक्षावाला दोन्ही ऐकून बरोबर पोचवतो. तुमच्या पुस्तकाला दोन नावं झाली तर काय बिघडलं?’

‘वकीलसाहेब, नावं दोन असायला माझी हरकत नाही. आमच्या घरात दोन होतीच. एक नाव घरचं नव्हतं, ते नंतर बाहेरून आलं, असं लिहिलंय त्याला हरकत आहे. तुमच्या रानाची हद्द कुणी शेजाऱ्यानं आखून दिली असं सातबाऱ्यावर लिहिलं, तर तुम्ही चहा पीत बसाल?’

‘नाय,’ ते म्हणाले, आणि बशी खाली ठेवली.

पुतण्या म्हणाला, ‘मग पुरावा द्या. तुम्ही म्हणता तुम्हाला बाजेवरचं आठवतं. पण तुम्ही तेव्हा लहान होता. पप्पा सुट्टीत येऊन नावं शिकवून गेले आणि त्यानंतर आजोबा ती घेऊ लागले, असंही असू शकतं. तुम्हाला आधीचं आणि नंतरचं वेगळं कसं करता येईल?’

प्रश्न बिनतोड होता, हे मला कबूल केले पाहिजे. मी अशाच प्रश्नांनी आयुष्यभर लोकांना गप्प केले आहे. नंतर रोवलेला दगड जुना दिसायला एक पावसाळा पुरतो. मी म्हणालो, ‘मोठी बहीण आहे. ती तुझ्या वडिलांच्याही आधीची. पुस्तक तिच्या मांडीवर असायचं. तिला विचार.’

बहीण अश्दोदला असते. ऐकायला कमी येते म्हणून ती फोन तोंडासमोर धरून ओरडते, आणि आपल्यालाही ओरडूनच बोलावे लागते. पुतण्याने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी छत दिसले, मग पंखा, मग ती.

‘कोण मेलं?’ तिने विचारले.

‘कुणी नाही गं. हा पोरगा आलाय स्मरणिका घेऊन.’

‘माझा फोटो चांगला टाक म्हणावं. मागच्या लग्नातला नको, त्यात मी लई जाडी दिसते.’

मी मुद्द्यावर आलो. ‘ताई, बाबा शनिवारी शिकवायचे तेव्हा पहिल्या पुस्तकाला काय म्हणायचे?’

‘उत्पत्ति,’ ती ताडकन म्हणाली.

पुतण्याने माझ्याकडे पाहिले नाही. तेवढी सभ्यता त्याच्यात आहे. वकीलसाहेबांनी पाहिले.

‘ताई, नीट आठव. बेरेशीत म्हणायचे.’

‘आता मला तू शिकवणार? पुस्तक माझ्या मांडीवर असायचं का तुझ्या? मला म्हणायचे, उत्पत्ति काढ. निर्गम काढ. त्यात जे छापलंय तेच म्हणणार ना, नाहीतर मी पान कसं काढणार?’

‘आणि डोळे मिटून काय म्हणायचे?’

‘डोळे मिटून हिब्रू म्हणायचे. ते वेगळं. पान काढायला उत्पत्ति आणि म्हणायला बेरेशीत.’

‘ऐकलंस?’ मी पुतण्याला म्हणालो.

‘ऐकलं. पण काका, कधीपासून? आत्या, पप्पा मुंबईला जायच्या आधी की नंतर?’

‘काय म्हणतो हा?’

‘थोरला मुंबईला जायच्या आधीपासून बाबा हिब्रू नावं घ्यायचे का, असं विचारतोय!’ मी ओरडलो.

‘मला काय माहीत बाबा! आधी काय, नंतर काय. सगळे शनिवार सारखेच होते.’ ती वैतागली. ‘या वयात तू एवढं काय घेऊन बसलायस? लहानपणापासून हट्टी. आणि रडका! बाजेवर बसला की रडं सुरू. तुला आठवतं का, तुझा पहिलाच शब्बाथ, तुला पहिल्यांदा शिकवायला बसवलं, आणि तू असं भोकाड पसरलंस की बाजूच्या घरातली बाई पळत आली, पोराला इंचू चावला म्हणून!’

वकीलसाहेब खो खो हसले. मला ते अजिबात आठवत नव्हते. मी म्हणालो, ‘मी कशाला रडेन?’

‘पारव्यासाठी! आपल्या पत्र्यावर पारवे बसायचे, तू त्यांना ज्वारी टाकायचास. आणि मी वाचत होते, वासरू कापतात, मेंढा कापतात, तिथपर्यंत तू गप्प होतास. मग आलं, गरीब माणसानं पारवा आणावा आणि याजकानं त्याची मान मुरगळावी. झालं! पुस्तकावर लाथ मारलीस. आई चुलीपासून उठून आली. बाबांना म्हणाली, एवढ्याशा लेकराला हे काय ऐकवता, दुसरं काही नाही का त्या पुस्तकात?’

‘मग बाबा काय म्हणाले?’

‘म्हणाले, इथूनच बसवतात. मलाही इथूनच बसवलं होतं.’

मी हातातला कप टेबलावर ठेवला. मी विचारले, ‘ताई, तुला कुठून बसवलं होतं?’

‘तिथूनच की. थोरल्याला पण तिथूनच. तो पण मुळुमुळु रडला होता, पण तुझ्यासारखा तमाशा नाही केला. ते कापाकापीचं झालं की मग पहिल्यापासून, जग सहा दिवसांत वगैरे. मला तर कंटाळा यायचा. मिशनच्या शाळेत मात्र मजा असायची, तिथं भिंतीवर चित्रं असायची, पहिला दिवस, दुसरा दिवस, साप, सफरचंद. तिथं कुणी कापाकापी नाही शिकवली. आता ठेवू का? माझी डाळ लागेल.’

तिने फोन ठेवला. पडद्यावर पुन्हा छत आले आणि गेले.

पुतण्याने चष्मा काढून पुसला. वकीलसाहेब म्हणाले, ‘साक्ष तर तुमच्या विरुद्ध सुरू झाली होती. आता कुठं गेली ते मला कळलं नाय. सांगा बुवा.’

मी पुतण्याला विचारले, ‘उद्या तुझ्या नातवाला ही पाच पुस्तकं शिकवायची झाली तर तू कुठून सुरू करशील?’

‘पहिल्यापासून. बेरेशीतपासून.’

‘मिशनवाले कुठून सुरू करतील?’

‘तेही पहिल्यापासूनच. आत्या आत्ता म्हणालीच, भिंतीवरची चित्रं.’

‘आणि मुंबईच्या त्या शाळेत, जिथं वर्ग हसला?’

‘पप्पांचं पाठ्यपुस्तक माझ्याकडे आहे. बेरेशीतपासूनच आहे.’

तेव्हा मी त्याला जे सांगितले ते इथे लिहितो, कारण स्मरणिका वाचणाऱ्या नातवंडांपैकी कुणालाही ते कुणी सांगितलेले नसणार. जुन्या काळच्या आमच्या मास्तरांची एक रीत होती. लहान मूल प्रथम शिकायला बसे तेव्हा त्याला जगाच्या आरंभापासून शिकवीत नसत. मधूनच सुरू करीत: तिसऱ्या पुस्तकापासून, वायिक्रापासून, ज्याला मिशनवाले लेवीय म्हणतात आणि ज्यात वासरू, मेंढा, पारवा, सपीठ, तेल आणि मीठ कसे अर्पण करायचे याचे नियम आहेत. मूल शुद्ध असते आणि अर्पणही शुद्ध असते, म्हणून शुद्धाने शुद्धापासून आरंभ करावा, असे ते म्हणत. मोठ्या माणसाला ते पुस्तक रूक्ष वाटते, आणि ख्रिस्ती शिक्षकाच्या दृष्टीने तर त्यातले अर्पणाचे सगळे नियम केव्हाच संपलेले आहेत. जगातला कुठलाही पाद्री एवढ्याशा पोराला पहिल्या दिवशी पारव्याची मान मुरगळायला शिकवणार नाही. मुंबईची नवी शाळाही शिकवणार नाही. तिला छापील क्रम पाळावा लागतो. ही रीत छापलेल्या पुस्तकातून घेता येत नाही, कारण छापलेल्या पुस्तकाला पहिले पान असते. ती फक्त एका ओटीवरून दुसऱ्या बाजेवर जाते. ज्या माणसाला तिथून बसवले होते तोच पुढच्याला तिथून बसवतो.

‘आणि थोरल्याला बसवलं तेव्हा तो अजून मुंबईला गेलेला नव्हता,’ मी म्हणालो. ‘गेला तो चांगला मोठा होऊन. आधीचं आणि नंतरचं वेगळं कसं करायचं, हे तू विचारत होतास.’

पुतण्याने खिशातून पेन काढले, पण टोपण उघडले नाही. तो म्हणाला, ‘काका, रीत ठीक आहे. पण नावं? रीत माहीत होती म्हणून हिब्रू नावंही माहीत होती, हे कसं?’

मी त्याला म्हणालो की ज्या हजानने पोराला तिसऱ्या पुस्तकापासून बसवले त्याने त्या पोराला ते पुस्तक पाद्र्याच्या नावाने शिकवले असेल, असे त्याला खरोखर वाटत असेल तर त्याने तसे खुशाल छापावे, आणि खाली सही करावी. वकीलसाहेब म्हणाले, ‘व्हय, आता तुमच्या अंगावर आलं,’ आणि उठून गेले. जाताना नारळ नेला.

पुतण्या दुसऱ्या दिवशी परत गेला. मसुदा तो माझ्या टेबलावर ठेवून गेला आहे, परिच्छेद जसा होता तसा. बोर्डिंगमधल्या हशाचे काय करावे हे त्याला कळत नाही. ते त्याच्या वडिलांचे दुःख होते आणि ते खोडायला त्याचा हात धजत नाही, हे मी समजू शकतो. त्याने तो हशा ठेवावा. वर्ग हसला हे छापावे, तीन भाषांत छापावे. मिशनचा शिक्का छापावा, दोऱ्याचे टाकेही छापावेत, माझ्या बहिणीचा तिला हवा तो फोटो छापावा. मी हट्टी होतो आणि रडका होतो हेही छापायला माझी परवानगी आहे. फक्त माझ्या वडिलांना धर्म कुणी दिला हे लिहिण्याआधी त्याने एका गोष्टीचे उत्तर द्यावे, जी माझ्या आठवणीवर नाही, तर माझ्याशी भांडणाऱ्या बहिणीच्या साक्षीवर उभी आहे: माझ्या वडिलांनी आम्हा तिन्ही भावंडांना शिकवायला घेतलेले पहिले पुस्तक तिसरे होते.